बारावीपासून पहिल्या पगारापर्यंत: महाराष्ट्रात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग कसं करावं

निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते: कॉम्प्युटर घ्यावं, आयटी, की ते नवीन एआय-डीएस (आर्टिफिशियल इंटेलिजन्स आणि डेटा सायन्स)? या प्रश्नावर दोन महिने जातात. मात्र ज्या वर्षात पुढची नोकरी खऱ्या अर्थाने ठरते, त्या दुसऱ्या वर्षाबद्दल घरात कुणी अवाक्षर काढत नाही. या लेखात प्रवेश, चार वर्षं आणि नोकरी हे सगळं क्रमाने आहे, पण सर्वात जास्त जागा दुसऱ्या वर्षाला दिली आहे.

पायरी १: कागदपत्रं, तीही अकरावीतच

जागा फक्त गुण कमी पडून जात नाहीत, कागद वेळेत न मिळाल्यामुळेही जातात. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला तहसील कार्यालयातून किंवा सेतू केंद्रातून तुलनेने लवकर मिळतो. वेळ खाते ती जात पडताळणी. जिल्हा समितीकडचा अर्ज बारावीचं वर्ष सुरू होण्याआधीच गेलेला असावा. नॉन-क्रीमी लेयर दाखल्यावरची वैधतेची तारीख वाचा. प्रवेश ज्या वर्षी घेताय, त्याच्या पुढच्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत तो वैध लागतो. वडिलांकडे दोन वर्षांपूर्वीचा जुना दाखला असतो, तोच अपलोड होतो, पडताळणीत अडकतो आणि विद्यार्थी खुल्या गटात ढकलला जातो. आधार, दहावीचं प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला यांवरचं नावाचं स्पेलिंगही एकदा शेजारी शेजारी ठेवून तपासा.

पायरी २: सीईटी आणि कॅप

राज्यातल्या बहुतेक जागा एमएचटी-सीईटी या प्रवेशपरीक्षेच्या पर्सेंटाइलवर, कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून भरतात. अखिल भारतीय कोट्यासाठी जेईई मेन लागते. सीईटीचा पेपर २०० गुणांचा. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे. म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताचे. फिजिक्स-केमिस्ट्रीला मिळून ९० मिनिटं, गणिताला ९० मिनिटं. साधारण ८० टक्के भर बारावीच्या आणि २० टक्के अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. बारावीला पीसीएममध्ये खुल्या गटासाठी ४५ टक्के आणि राखीव गटांसाठी ४० टक्के ही किमान अट आहे.

मागच्या वर्षीचा कटऑफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मिळतो. त्यातल्या कोडची पहिली आणि शेवटची अक्षरं पाहिल्याशिवाय आकडा वाचू नका. सुरुवातीचा 'जी' म्हणजे सर्वसाधारण, 'एल' म्हणजे मुलींसाठीची जागा. शेवटचा 'एच' म्हणजे होम युनिव्हर्सिटी, 'ओ' म्हणजे त्या विद्यापीठाबाहेरचे, 'एस' म्हणजे राज्य पातळी. नाशिकचा विद्यार्थी पुण्यातल्या कॉलेजचा 'ओ'चा कटऑफ पाहून हिरमुसतो, पण नाशिक पुणे विद्यापीठाच्याच क्षेत्रात येतं, त्याला 'एच' लागू होतो.

ऑप्शन फॉर्म म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना मिळेल असं वाटणारं कॉलेज वर टाकू नका. जे हवं ते वर, मग त्याखालचं. यंत्रणा यादी वरून खाली वाचते, वर मोठं नाव लिहिल्याने खालचं हातचं जात नाही. मात्र वरचा पर्याय मिळाला की तो आपोआप गोठतो. २०२५ च्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कुठलाही मिळाला तर तोच पक्का, असा नियम होता. नको असलेलं कॉलेज 'असू दे' म्हणून वरच्या सहात टाकणाऱ्यांना तो भोवला. दर वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. शेजारच्या दादाने तीन वर्षांपूर्वी काय केलं होतं ते आता चालेलच असं नाही.

फीबद्दल तीन गोष्टी. टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी वेव्हर स्कीम) या योजनेत ट्यूशन फी माफ असते. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवं, जागा मंजूर संख्येच्या ५ टक्के, आणि कटऑफ अर्थातच चढा. ऑप्शन फॉर्ममध्ये तिचा कोड वेगळा असतो, तो वेगळा भरावा लागतो. दुसरी, ईबीसी म्हणून ओळखली जाणारी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्ती, ट्यूशन फीच्या निम्म्यासाठी. तिसरी, २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या मुलींना ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की हे लाभ मिळत नाहीत. शिष्यवृत्तीचा महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज दर वर्षी नव्याने करावा लागतो, दुसऱ्या वर्षीचा विसरणारे दर वर्षी भेटतात.

ब्रँच की कॉलेज?

कॉम्प्युटर, आयटी, एआय-डीएस, एआय-एमएल या सगळ्यांचा पहिल्या अडीच वर्षांचा गाभा जवळपास सारखाच: प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर्स, डीबीएमएस (डेटाबेस), ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क. बहुतेक कंपन्या कॅम्पसला या सगळ्यांना एकाच रांगेत बसवतात, अनेकदा ईअँडटीसीलाही (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम). म्हणून चांगल्या कॉलेजातली आयटी आणि साधारण कॉलेजातली कॉम्प्युटर यांत आमचं मत सरळ पहिल्याच्या बाजूने आहे. कॉलेज पाहायला जाल तेव्हा इमारतीचे फोटो काढण्यापेक्षा तिसऱ्या वर्षाच्या चार मुलांना विचारा: लॅब दुपारी रिकामी असते तेव्हा बसू देतात का? मागच्या वर्षी कॅम्पसला आलेल्या कंपन्यांची नावं काय, आणि किती जणांना घेतलं? 'सर्वोच्च पॅकेज' हा आकडा एका मुलाचा असतो. मधल्या मुलाला काय मिळालं ते विचारा.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्यांना दोन अडचणी हमखास येतात. एक, प्रवेशप्रक्रिया लांबते आणि सत्राचे सुरुवातीचे आठवडे बुडतात. दोन, एम-१ आणि एम-२ (पहिल्या वर्षाचं गणित) झालेलं नसतं आणि एम-३ अंगावर येतं. इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन्स उन्हाळ्यातच करून ठेवा. प्रोग्रॅमिंगचा हात मात्र डिप्लोमावाल्यांचा बहुधा जास्त बसलेला असतो.

मराठीतून शिकायचं असेल तर तीही सोय आहे. २०२१ पासून तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद एआयसीटीईने भारतीय भाषांतून इंजिनिअरिंगला परवानगी दिली आणि पिंपरी-चिंचवडच्या पीसीसीओई कॉलेजने त्याच वर्षी मराठीतून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग सुरू केलं. कंपनीतला कारभार इंग्रजीत चालतो, त्यामुळे चार वर्षांत तांत्रिक इंग्रजी वाचायची सवय मात्र स्वतः लावावी लागते.

पायरी ३: पहिलं वर्ष आणि लॅपटॉप

पहिलं वर्ष सगळ्या ब्रँचना जवळपास सारखंच. गणित, फिजिक्स किंवा केमिस्ट्री, मेकॅनिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल. 'आपल्याला कॉम्प्युटर घ्यायचं, हे कशाला' म्हणून मेकॅनिक्सकडे दुर्लक्ष होतं आणि बॅक राहते, म्हणजे विषय सुटायचा राहतो. पुणे विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे पहिलं वर्ष पूर्ण सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात जाता येत नाही. एका विषयासाठी आख्खं वर्ष घरी बसलेली मुलं दर बॅचमध्ये असतात. मुंबईत त्याला केटी म्हणतात, पुण्यात बॅक. त्रास एकच.

लॅपटॉप घ्यायची घाई नको, पण घ्याल तर १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी याखाली जाऊ नका. इंटेलचा आय-५ किंवा रायझन-५ पुरतो. ८ जीबीवर अँड्रॉइड स्टुडिओ, ब्राउझर आणि एक व्हर्च्युअल मशीन एकत्र उघडलं की मशीन गुडघे टेकतं. महागडं ग्राफिक्स कार्ड अभ्यासासाठी लागत नाही, ते गेमसाठी हवंय हे घरी प्रामाणिकपणे सांगा. विंडोजच्या जोडीला लिनक्स टाकणार असाल तर आधी बिटलॉकर या विंडोजच्या ड्राइव्ह-कुलपाची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. पार्टिशन बदललं की विंडोज तीच की मागतं, आणि ती नसेल तर ड्राइव्हमधलं सगळं गेलं. एवढा धोका नको असेल तर विंडोजमध्येच डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) चालू करा, दुसऱ्या वर्षापर्यंत ते पुरेसं आहे.

प्रोग्रॅमिंग सी पासून सुरू करा. पायथॉन सोपं आहे, पण मेमरीत काय चाललंय ते ते दाखवत नाही. सी मध्ये एक छोटा प्रयोग करून पाहा. फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम लिहा, उत्तर 'इंट'मध्ये ठेवा आणि १२ चा फॅक्टोरियल काढा: ४७९००१६०० येईल, बरोबर. आता १३ चा काढा. खरं उत्तर ६२२७०२०८०० आहे, पण स्क्रीनवर बहुधा १९३२०५३५०४ दिसेल. एरर नाही, इशारा नाही, फक्त चुकीचा आकडा. ३२ बिटांच्या इंटमध्ये २१४७४८३६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही, वरचे बिट गळून जातात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की डेटा टाइपचा धडा पाठ करावा लागत नाही.

पायरी ४: दुसरं वर्ष

पुणे, मुंबई, लोणेरे, कुठलंही विद्यापीठ घ्या, या वर्षात डेटा स्ट्रक्चर्स, ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स आणि मायक्रोप्रोसेसर किंवा कॉम्प्युटर आर्किटेक्चर यांची गर्दी होते. नेमकं याच वर्षी सबमिशनचा मारा सुरू होतो. फाईल लिहायची, प्रिंट काढायची, सही घ्यायची, आणि असाइनमेंटचा कोड सीनियरकडून पेन ड्राइव्हमध्ये यायचा. टर्मवर्क मिळतं, ओरल कशीबशी निघते. दोन वर्षांनी कंपनीच्या ऑनलाइन टेस्टमध्ये मात्र तोच लिंक्ड लिस्ट (एकमेकांना जोडलेल्या नोडची साखळी) उलटा करायचा प्रश्न येतो आणि स्क्रीन कोरी राहते.

तेव्हा इथे नियम कडक ठेवा. असाइनमेंटचा कोड आधी स्वतः लिहायचा, बिघडला तरी चालेल. लिंक्ड लिस्ट आणि ट्री हे विषय कीबोर्डवर सुरू होत नाहीत, वहीत चौकोन आणि बाण काढून सुरू होतात. नोड काढून टाकताना कुठला बाण आधी वळवायचा, हे चित्रात दिसतं. क्रम चुकला की पुढची आख्खी साखळी हातची जाते. 'सेगमेंटेशन फॉल्ट' आला की घाबरून कोड पुसू नका. कारण बहुतेक वेळा तीनपैकी एक असतं: पॉइंटर नल असताना त्यातून वाचलं, फ्री केलेली मेमरी पुन्हा वापरली, किंवा ऍरेच्या हद्दीबाहेर गेलात. रिकर्शनमध्ये थांबायची अट राहिली की स्टॅक भरून प्रोग्रॅम कोसळतो, तेही बाहेरून असंच दिसतं. जीडीबी हा डीबगर दोन दुपारींत शिकता येतो, त्यात नेमकी ओळ कळते.

टाइम कॉम्प्लेक्सिटी, म्हणजे इनपुट वाढलं की वेळ किती वाढतो, ही परीक्षेपुरती व्याख्या नाही, तो हिशेब आहे. साधारण धरून चाला की मशीन एका सेकंदात १० कोटी साध्या क्रिया करतं. एक लाख संख्यांवर एकात एक दोन लूप चालवले तर क्रिया होतात १००० कोटी, म्हणजे सुमारे १०० सेकंद. टेस्टमध्ये मुदत असते एक-दोन सेकंदांची. त्याच एक लाख संख्या आधी सॉर्ट केल्या तर काम साधारण १७ लाख पायऱ्यांत होतं. प्रश्न वाचल्यावर आधी इनपुटची मर्यादा बघायची आणि मगच पद्धत निवडायची. 'माझा कोड बरोबर होता तरी टाइम आउट आला' या तक्रारीमागे दर वेळी हेच असतं.

सराव किती? दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत रोज एक तास. ऍरे आणि स्ट्रिंगचे ५०, लिंक्ड लिस्ट-स्टॅक-क्यूचे ३०, ट्रीचे ३०, बायनरी सर्च आणि सॉर्टिंगचे २०, ग्राफचे २०, डायनॅमिक प्रोग्रॅमिंगचे २०. झाले १७० प्रश्न. प्रत्येकाला ३०-४० मिनिटं द्या. सुटला नाही तर उत्तर वाचा, बंद करा, आणि दुसऱ्या दिवशी न बघता लिहा. या 'दुसऱ्या दिवशी'लाच सगळी किंमत आहे. नुसती ५०० उत्तरं वाचून काहीही हाती लागत नाही. एआय साधनांचंही तसंच. एरर समजून घ्यायला जरूर वापरा, पण या १७० प्रश्नांचं उत्तर त्याच्याकडून लिहून घेतलंत तर सराव त्याचा झाला, तुमचा नाही.

मायक्रोप्रोसेसरला कंटाळून बरेच जण तो फक्त पास होण्यापुरता करतात. पुण्यात राहणाऱ्यांनी तरी हे करू नये. इथे वाहन उद्योगासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपन्यांची मोठी फळी आहे. गाडीतल्या कंट्रोलरवर चालणारा सी चा कोड, इंटरप्ट, रजिस्टर, कॅन बस (गाडीतल्या कंट्रोलरांना जोडणारं नेटवर्क), हेच तिथलं रोजचं काम. त्या मुलाखतीत 'बिट सेट कसा करशील', 'व्होलटाइल कशासाठी' असे प्रश्न येतात, आणि वेब डेव्हलपमेंटचे पाच कोर्स केलेले तिथे अडखळतात.

पायरी ५: तिसरं वर्ष

डीबीएमएस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन. पहिले तीन मुलाखतीत हमखास, चौथा गेट या एमटेकच्या परीक्षेला आणि कंपायलर समजायला.

एसक्यूएल पुस्तकातून येत नाही. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल टाकून तीन टेबलं बनवा आणि जॉइन, ग्रुप बाय, हॅविंग हातांनी करा. नवशिके अडकतात ते नलवर: रकाना 'बरोबर नल' असं लिहिलं की एकही ओळ मिळत नाही, 'इज नल' लिहावं लागतं. 'नॉट इन'च्या आतल्या यादीत एक जरी नल शिरला तरी आख्खं उत्तर रिकामं येतं. लेफ्ट जॉइन करून उजव्या टेबलावरची अट 'व्हेअर'मध्ये टाकली तर तो गुपचूप इनर जॉइन होऊन बसतो.

नेटवर्कसाठी वायरशार्क उघडा आणि एखादं संकेतस्थळ उघडताना काय काय जातं-येतं ते पाहा. आधी डीएनएसची विचारणा, मग टीसीपीचे तीन निरोप, मग टीएलएसची ओळखपरेड. 'ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यावर काय होतं?' हा जुना प्रश्न आहे, पण तो विचारणं कुणी थांबवलेलं नाही.

गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, याच वर्षी शिका. त्यात एक चूक महागात पडते: पासवर्ड किंवा क्लाउडची की असलेली फाईल गिटहबवर जाते. नंतर फाईल पुसली तरी इतिहासात ती राहतेच. अशा वेळी पुसत बसू नका, ती की ताबडतोब रद्द करून नवी घ्या.

पायरी ६: कॅम्पस आणि प्रोजेक्ट

चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला, काही ठिकाणी तिसरं संपतानाच, कंपन्या येऊ लागतात. दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि डिग्री, तिन्हींत ६० टक्के आणि चालू बॅक एकही नाही, ही अट बऱ्याच ठिकाणी असते. नंतर ॲप्टिट्यूड, कोडिंग, टेक्निकल मुलाखत, एचआर. ॲप्टिट्यूडला हलकं समजून पहिल्याच चाळणीत गळणाऱ्यांत हुशार मुलंही असतात. वेळ-काम, शेकडेवारी, वेग-अंतर यांचा रोज अर्धा तास, दोन महिने, एवढ्यावर भागतं.

प्रोजेक्ट विकत घेऊ नका. चेहरा ओळखून हजेरी लावणारा तयार प्रोजेक्ट एक्स्टर्नल परीक्षकांनी इतक्यांदा पाहिलाय की त्यांना तुमचा पुढचा स्लाइडही माहीत असतो. छोटा पण स्वतःचा घ्या: गावातल्या पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक, बाजार समितीचे भाव, वाचनालयाची नोंदवही. डेटा कुठून आला, बिघडला कुठे, मग काय बदललं, एवढं सांगता आलं की मुलाखतीतली २० मिनिटं सहज निघतात. रेझ्युमे एका पानाचा ठेवा. त्यात लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर प्रश्न येणार असं धरूनच लिहा.

पायरी ७: ऑफर लेटर वाचणं

३ लाख ६० हजारांचं पॅकेज म्हणजे महिन्याला ३० हजार हातात, असं घरी सांगून मोकळं होऊ नका. उदाहरणादाखल हिशेब: बेसिक १५,००० धरलं तर त्या ३० हजारांतून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटी सुमारे ७२०, विमा ४८० आणि कामगिरीवर मिळणारा भाग २,००० बाजूला पडतो. उरले २५,०००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० जातो, फेब्रुवारीत ३००. हातात साधारण २३,०००. महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना महाराष्ट्रात व्यवसाय कर लागत नाही, चुकून कापला गेला तर विचारा.

बाँडची मुदत आणि रक्कम सही करण्याआधी वाचा. मूळ मार्कशीट कुणाकडेही ठेवायला देऊ नका. 'बॅकडोअरने लावतो' म्हणून पैसे मागणारा माणूस कितीही ओळखीचा असला तरी तिथून उठा.

कॅम्पसला झालं नाही तर, किंवा वेगळं हवं असेल तर

गेटमध्ये कॉम्प्युटरवाल्यांना सीएस आणि २०२४ पासून डीए (डेटा सायन्स आणि एआय) असे दोन पेपर खुले आहेत. ६५ प्रश्न, १०० गुण, तीन तास, आणि गुणपत्रक तीन वर्षं चालतं. त्यावर आयआयटीत एमटेक करता येतं, दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतनासह. काही सार्वजनिक कंपन्याही गेटचे गुण पाहून भरती करतात. बँकांमध्ये आयटी अधिकाऱ्यांच्या जागा आयबीपीएसच्या स्पेशालिस्ट परीक्षेतून भरतात.

दुसरा रस्ता पुण्यातच आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेली, १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा करणारी सरकारी संगणक-संशोधन संस्था सी-डॅक. तिचा पीजी-डॅक हा साधारण सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सी-कॅट परीक्षेवर मिळतो. सकाळी थिअरी, दुपारनंतर लॅब, शेवटी प्रोजेक्ट आणि तिथलं स्वतंत्र प्लेसमेंट. दुसरं वर्ष हातून निसटलेल्यांना ती कसर भरून काढायची ही खरी संधी आहे. पण तो अभ्यासक्रम शून्यातून शिकवत नाही, जाण्याआधी सी आणि एसक्यूएल पक्कं हवं.

टेस्टिंग किंवा सपोर्टमध्ये पहिली नोकरी मिळाली तर नाक मुरडू नका, पण मुदत ठरवून घ्या. टेस्टिंगमध्ये असाल तर सहा महिन्यांत ऑटोमेशन लिहायला लागा. सपोर्टमध्ये असाल तर लिनक्स, शेल स्क्रिप्ट आणि लॉग वाचणं यांवर हात बसवा. तिथून डेव्हऑप्सकडे (सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवणं आणि चालतं ठेवणं) वाट जाते. दीड वर्ष नुसती तिकिटं (नोंदवलेल्या तक्रारी) बंद करण्यात गेलं तर पुढची मुलाखत अवघड होते.

नोकरी बदलताना पीएफचा यूएएन क्रमांक जुनाच द्या. नवा क्रमांक निघाला की पीएफ दोन खात्यांत अडकतो, आणि तो एकत्र करताना पुन्हा तेच विचारतात: आधार आणि मार्कशीटवरचं नाव जुळतं का?